हॉलच्या तीन पायऱ्या

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'आपल्या हॉलचा इतिहास' हा विषय दिला तेव्हा खरं सांगायचं तर मला हसूच आलं. बावीस बाय अठरा फुटांची एक खोली. दोन पंखे, चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॅरम बोर्ड, गणपतीच्या मखराचं सामान आणि एक गोदरेजचं कपाट. याला कसला आलाय इतिहास? पण मी सहा वर्षं सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे सभांच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्या कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. त्या काढून बसले, आणि हसू थांबलं. पहिल्या वहीची खालची अर्धी पानं पिवळट तपकिरी झालेली आहेत, शाई पसरली आहे. तो डाग चहाचा नाही, २६ जुलै २००५ च्या पाण्याचा आहे.

सी विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका ताईंनी मागे विचारलं होतं, "काकू, सगळी बिल्डिंग जमिनीला टेकलेली आणि हा एवढासा हॉलच तीन पायऱ्या वर का हो?" त्यांच्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे प्रश्न रागाचाच होता. त्या पायऱ्यांची गोष्ट सांगते. त्यासाठी जरा मागे जावं लागेल, म्हणजे चांगलं चारशे वर्षं.

वसईचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलाय. शाळेच्या सहली, प्री-वेडिंगचे फोटो, चिमाजी अप्पा आणि १७३९ ची मोहीम, एवढं आपल्याला माहीत असतं. त्याआधी १५३४ पासून दोनशे वर्षं तिथे पोर्तुगीज होते. त्यांच्या काळातली एक तारीख मात्र सहसा कोणी सांगत नाही. १५ मे १६१८. त्या वर्षी आधी वसईत रोगाची साथ आली, आणि मग त्या दिवशी एक भयंकर वादळ आलं. होड्या आणि घरं मोडली, हजारो माड आडवे झाले, वाऱ्याने समुद्राचं पाणी जमिनीवर आत ढकललं. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पंथांची चर्चेस, मठ, विद्यालयं ही गावातली सगळ्यात भक्कम बांधकामं होती. त्यांचीच छपरं उडाली. माणसं जिथे धावत जायची, तीच जागा उघडी पडली.

गोष्ट तिथे संपली नाही. वादळानंतर पावसाने इतकी दडी मारली की दुष्काळ पडला. काही महिन्यांत अशी पाळी आली की आईबाप पोटची मुलं दलालांना विकू लागले. निदान जगतील तरी, म्हणून. छपरं उडालेल्या त्याच मठांमधल्या जेझुइटांनी आपल्या तुटपुंज्या शिध्यातून बाजूला काढून आणि श्रीमंतांकडून भिक्षा मागून हा प्रकार थांबवला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात राहिली ती एकच गोष्ट: छप्पर गेलं तरी लोकांना 'कुठे जायचं' हे माहीत होतं. जागा मोडली, पण तिथे जाण्याची सवय मोडली नव्हती. आणि एक गंमत बघा. १५ मे १६१८ नंतर चारशे तीन वर्षांनी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. तारखेत दोन दिवसांचा फरक. त्याचं पुढे सांगते.

आता लाइन ओलांडून पश्चिमेला चला. गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज या पट्ट्यात ज्यांचे नातेवाईक किंवा ओळखीचे आहेत त्यांना 'बावखल' हा शब्द सांगायला नको. आपल्यासारख्या दादर-परळहून आलेल्यांना मात्र सांगावा लागतो. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, उतरत्या काठाचं. पूर्वजांनी हाताने खणलेलं. त्यावर रहाट लावून केळीला, पानवेलींना, भाजीला पाणी द्यायचे. वसईची सुकेळी ज्या बागांमधून आली त्या बागा याच पाण्यावर जगल्या.

पण बावखलाचं खरं काम पावसाळ्यात असायचं. वाडीतलं, गल्लीतलं पाणी उतारावरून तिथे जमायचं आणि हळूहळू जमिनीत मुरायचं. समुद्र एवढा जवळ असूनही तिथल्या विहिरींना गोडं पाणी राहायचं ते यामुळे, कारण जमिनीखाली गोड्या पाण्याचा दाब असला की खारं पाणी आत सरकत नाही. आणि खणताना निघालेली माती? ती घराच्या जोत्याला जायची. म्हणजे एकाच खोदकामात पाण्याला खाली जागा आणि माणसाला वर जागा. हे मला एका जुन्या बागायतदार बाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मावशी, आमच्या आर्किटेक्टला हे सुचलं नाही हो!" बरीचशी बावखलं एकट्याच्या मालकीची नसायची, भाऊबंदकीत, शेजाऱ्यांत सामाईक असायची. रहाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून. भांडणंही व्हायची, नाही असं नाही. पण भांडण व्हायला तरी एकत्र यावं लागायचं.

निर्मळचा तलाव, सोपाऱ्याचा चक्रेश्वर तलाव ही याचीच मोठी भावंडं. देऊळ किंवा चर्च, समोर पाणी, बाजूला मोकळी जागा, एखादी शाळा. जत्रेला, सणाला तिथे जमणारी माणसं अडीअडचणीलाही तिथेच जमायची. त्यासाठी कोणाला फलक लावावा लागत नव्हता.

आपला पूर्वेचा भाग वेगळा. इथे बागा नव्हत्या. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरलेलं पाणी खाडीकडे जाताना ज्या सखल जमिनीवर पसरायचं, ती ही जमीन. भातखाचरं, खाजणं आणि मिठागरं. म्हणजे हा पट्टाच एक मोठं बावखल होता म्हणा ना. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली, एप्रिल महिन्यात. त्या रेल्वेचा बांध उत्तर-दक्षिण असा आडवा घातला गेला आणि पाण्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला मोऱ्यांपुरतीच वाट उरली. तरीही शंभर-सव्वाशे वर्षं फारसं बिघडलं नाही, कारण बांधाच्या या बाजूला पाणी थांबायला शेतं होती.

ती शेतं गेली आणि तिथे आपण आलो. हे लिहिताना बोटं थोडी अडखळतात, पण इतिहास म्हटल्यावर लिहायलाच हवं. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईतली हिरवी जमीन बांधकामाला खुली होऊ लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि अनेक स्थानिक मंडळींनी हरित वसईची चळवळ उभी केली. पाणी, झाडं, टँकर यांवर मोर्चे निघाले. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचं काम सिडकोकडे आलं. आम्ही तेव्हा परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत होतो. आम्हाला वसई म्हणजे दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि खिडकीतून दिसणारा डोंगर. कोण बरोबर होतं, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, ते बरोबर होते आणि आम्हाला घर हवं होतं. दोन्ही खरं आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. ही सगळी माणसं आपल्यासारखीच कुठून तरी घर शोधत आलेली.

बांधकामाची रीत काय होती, ते जुन्यांना आठवत असेल. खाचरात मुरमाचा भराव टाकायचा आणि त्यावर इमारत. शेजारच्या प्लॉटवर नंतर येणारा बिल्डर आपल्यापेक्षा दोन फूट जास्त भराव टाकायचा, कारण त्याने आपलं पाणी पाहिलेलं असायचं. त्याच्यानंतर येणारा आणखी वर. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर चढतो. २००० साली आपण राहायला आलो तेव्हा गेटमधून रस्त्यावर जायला एक पायरी उतरावी लागायची. आज गेटातून आत यायला उतरावं लागतं. आपली इमारत खचलेली नाही, आजूबाजूचं सगळं वर गेलं.

२००५ साली सोसायटी पाच वर्षांची होती. हॉल म्हणजे बिल्डरचं साइट ऑफिस, कोपऱ्यात सुटं उभं, वर सिमेंटचे पत्रे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. इथे गाड्या बंद, फोन बंद. कामावर गेलेले निम्मे सभासद मुंबईत अडकलेले. कोणी शाळेत, कोणी गुरुद्वारात, कोणी अनोळखी सोसायटीच्या जिन्यात रात्र काढत होते. इकडे तळमजल्याच्या आठही घरांत गुडघ्याच्या वर पाणी. ती आठ कुटुंबं हॉलमध्ये जायला निघाली तर हॉलमध्ये कॅरम बोर्ड तरंगत होता. शेवटी त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर रात्र काढली. वरच्यांनी चहा दिला, चादरी दिल्या. घरात या म्हणणारेही होते. पण रात्रभर कोणाच्या घरात ओल्या कपड्यांनी, म्हाताऱ्या माणसांना घेऊन, जाऊन बसायला संकोच वाटतो. सामाईक जागेत तो वाटत नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

कळलं नव्हतं याचा पुरावा वहीतच आहे. २००६ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आला: हॉलची जमीन अडीच फूट वर घ्यावी, त्यासाठी छप्परही वर न्यावं, खर्च प्रत्येक सदनिकेमागे ३,२०० रुपये. ठराव मांडणारे ए विंगच्या तळमजल्यावरचे काका मूळ महाडचे. ते आता नाहीत. सावित्रीचा पूर पाहत ते लहानाचे मोठे झालेले. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात दोन ओळींत आहे, पण मला ते शब्दशः आठवतं. म्हणाले, "माझं घर वर करा असं मी म्हणत नाही, ते होणार नाही. पण बसायला एक कोरडं जोतं द्या." ठराव १९ विरुद्ध १४ असा पास झाला. विरोधी १४ मध्ये माझं नाव आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी सभेत उभी राहून म्हटलं होतं की गॅलरीतून गळतंय, वॉटरप्रूफिंग आधी करा, हॉलचं बघू मग. काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

तर त्या तीन पायऱ्या अशा आल्या.

मग बारा वर्षं हॉलमध्ये हळदीकुंकू, बारसं, सत्यनारायण, शिकवणी, सोसायटीच्या मारामाऱ्या असं सगळं झालं. 'अडीच फूट कशाला वर घेतला' हा टोमणा दर सभेला कोणीतरी मारायचं. आणि जुलै २०१८ उजाडला.

पाऊस शनिवारपासून लागला होता. मंगळवारी, १० तारखेला, वसई-विरारमधल्या गाड्या बंद पडल्या. नालासोपाऱ्याच्या आसपास रुळांवर पाणी, लांब पल्ल्याची गाडी अडकलेली, मिठागरात शेकडो माणसं पाण्याने वेढलेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं आली होती. टीव्हीवर हे सगळं दाखवत होते, पण ते आम्ही पाहिलं नाही, कारण वीज गेलेली होती. आणि वीज गेली की सोसायटीत काय काय जातं, याची यादी आपल्याला तेव्हा पाठ झाली. पंप बंद म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही. जमिनीखालच्या टाकीत नाल्याचं पाणी शिरलेलं, म्हणजे वीज आली तरी ते चढवता येणार नाही. मोबाइल एकेक करून मेले. तळमजल्याच्या संडासांतून पाणी उलटं वर येऊ लागलं.

हॉलमध्ये पाणी आलं नाही. दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. त्या रात्री तिथे मोजून त्रेचाळीस माणसं होती. आपली तळमजल्याची आठ कुटुंबं, वॉचमनचं कुटुंब, रुळांवरून चालत आलेले दोन प्रवासी (एक सुरतचा कापडवाला, एक नर्सिंगची विद्यार्थिनी), आणि नाल्यापलीकडच्या चाळीतले पंधरा-सोळाजण.

या शेवटच्यांवरून गेटवर जे झालं ते स्मरणिकेत लिहू नये असं एका सभासदांनी मला सुचवलं. मी थोडक्यात लिहिते. गेट उघडायचं की नाही यावर वीस मिनिटं वाद झाला. "आज घेतलं तर उद्या जाणार नाहीत", "चोऱ्या होतील", "हॉल सभासदांच्या पैशातून झालाय". पावसात, कंबरभर पाण्यात, कडेवर मुलं घेऊन माणसं गेटच्या पलीकडे उभी, आणि अलीकडे आपण. मी वरून, जिन्याच्या खिडकीतून हे ऐकत होते आणि गप्प होते. गेट शेवटी महाडच्या काकांच्या सूनबाईंनी उघडलं, कोणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागल्यावर तळमजल्याच्या घरांतला चिखल उपसायला सगळ्यात आधी त्याच चाळीतली चार पोरं उतरली. चोरी एकही झाली नाही. एक छत्री हरवली होती, ती पुढच्या आठवड्यात मीटर रूममध्ये सापडली.

त्या रात्रीचा दुसरा धडा गच्चीचा. गच्चीला कुलूप, किल्ली सचिवांकडे, सचिव बोरिवली स्टेशनवर. वरची टाकी उघडून किती पाणी उरलंय ते बघायचं होतं, मुलांना वर न्यायचं होतं. शेवटी नारळ सोलायच्या पारईने कुलूप तोडलं. हॉलमध्ये गॅस नव्हता, तो बी विंगमधून दोघांनी डोक्यावरून आणला. खिचडी झाली. एका आजोबांचं इन्सुलिन फ्रिज बंद पडल्यावर कुठे ठेवायचं हा प्रश्न आला, तर ती नर्सिंगची मुलगी म्हणाली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माठाजवळ गारव्यात ठेवा. संडासासाठी पहिल्या मजल्यावरच्या चार घरांनी दारं उघडी ठेवली. कोण कोणाकडे जाणार ते खडूने भिंतीवर लिहिलं. ती पहिली यादी.

पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. पूर का आला याचा अभ्यास झाला आणि उपायांमध्ये एक शब्द आला: धारण तलाव. म्हणजे पावसाचं पाणी काही काळ थोपवून धरायला ठिकठिकाणी खोलगट जागा राखायच्या. वाचून मला त्या बागायतदार मावशी आठवल्या. मी पेपरचं कात्रण घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "मंग आमची बुजवलीत कशाला?"

२०१९ मध्ये आपण हॉलमध्ये इन्व्हर्टर घेतला, गच्चीच्या तीन किल्ल्या केल्या, जमिनीखालच्या टाकीचं झाकण दोन फूट वर घेतलं आणि पायऱ्यांशेजारी उतार बांधला, व्हीलचेअर जाईल असा. (ताईंच्या सासूबाईंसाठी तोच आहे. गणपतीचं सामान तिथून हलवायला हवं, हे मान्य.) एवढं करून आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो. तेवढ्यात तौक्ते आलं.

अरबी समुद्र वादळांच्या बाबतीत शांत, असा आपला समज होता. २००९ च्या नोव्हेंबरात फयान, ३ जून २०२० ला अलिबागजवळ निसर्ग, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. समुद्र तापतोय आणि त्यामुळे इथली वादळं जास्त जोराची होतायत, असं हवामानशास्त्रज्ञ सांगतात. १७ मे २०२१ ला तौक्ते आपल्यासमोरून समुद्रातून गुजरातकडे गेलं, थेट आपल्यावर आलंच नाही. तरी दुपारी हॉलचे दोन पत्रे उडाले. एक कुठे पडला ते सापडलं, दुसरा आजतागायत नाही. पाण्यासाठी आपण जागा वर उचलली होती, वाऱ्याचा विचारच केला नव्हता. आणि १६१८ साली जे मठांचं झालं तेच आपल्या साइट ऑफिसचं झालं.

त्यात करोनाची दुसरी लाट. एका खोलीत चाळीस माणसं बसवायची सोय नाही. ए विंगमध्ये एक आजी घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होत्या आणि वीज गेली. इन्व्हर्टर भिजायच्या आत चौघांनी उचलून ए विंगच्या पहिल्या मजल्यावर नेला, तिथल्या एका बंद सदनिकेची किल्ली मालकांनी फोनवर परवानगी देऊन शेजाऱ्यांकडून काढवली. ती सदनिका सहा तास आपला हॉल झाली. हे कसं जमलं? तर कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कुठली सदनिका रिकामी आहे, किल्ली कोणाकडे आहे, हे २०१८ नंतर केलेल्या यादीत होतं. छप्पर गेलं, यादी होती. आजी आज ब्याऐंशीच्या आहेत आणि ही स्मरणिका त्या भिंग लावून वाचतील.

२०२२ मध्ये पत्रे काढून स्लॅब टाकला. या वेळी मी ठरावाच्या बाजूने बोलले, लांबलचक. इतिवृत्तात 'सौ. माजी खजिनदार यांनी सविस्तर मनोगत व्यक्त केले' एवढंच लिहिलंय.

असे हॉल बांधणारे आपण काही पहिले नाही. ओडिशात १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर चक्रीवादळ निवारे बांधले गेले. खाली नुसते खांब, पाणी आरपार जाऊ द्यायला. वर भक्कम स्लॅबची खोली. मे २०१९ मध्ये फनी वादळ आलं तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवण्यात आलं. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही की बरेचसे निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात, गावची समिती ते सांभाळते, लग्नकार्यालाही देते. त्यामुळे कुलूप गंजत नाही आणि पोराटोरांना वाट माहीत असते.

आता उन्हाळ्याचं. पूर दिसतो, ऊन दिसत नाही. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली, त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप होती. शेजार जागता होता तिथे कमी गेली. आपल्याकडे अहमदाबादने २०१० च्या कडक उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये शहराचा उष्णता आराखडा केला. आपल्या चौथ्या मजल्यावरची घरं एप्रिल-मेमध्ये रात्री अकरालाही भट्टीसारखी असतात, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. गेली तीन वर्षं गच्चीवर आणि हॉलच्या स्लॅबवर पांढरा चुना मारतो, हॉलवर जांभळाची सावली आहेच. दुपारी बारा ते चार हॉल ज्येष्ठांसाठी उघडा असतो. माठ असतो. पत्ते असतात. रोज येणारी एखादी आजी आली नाही तर तिच्या दारावर कोणीतरी जाऊन थापटतं. याला ठराव लागला नाही, ते आपोआप सुरू झालं.

आणि याच बारा ते चारच्या वेळेसाठी हॉल एका कोचिंग क्लासला महिना अठरा हजार भाड्याने द्यावा, असा प्रस्ताव येत्या सभेपुढे आहे. अठरा हजार थोडे नाहीत. मी हिशेब ठेवलेले आहेत, मला त्यांची किंमत कळते. लिफ्ट नाही, प्लंबिंग जुनं झालंय, मेंटेनन्स वाढवला की ओरड होते. माझं म्हणणं एवढंच, की द्यायचाच तर करारात लिहून घ्या: जून ते सप्टेंबर हॉलच्या किल्लीची एक प्रत सोसायटीकडे, कपाटाला हात लावायचा नाही, आणि इशारा आला की दोन तासांत बाकं बाहेर. आणि दुपारच्या आज्या कुठे बसणार, हेही त्याच सभेत ठरवा.

पुनर्विकासाचीही बोलणी सुरू आहेत. एका विकासकाने दाखवलेल्या नकाशात चकचकीत क्लब हाउस आहे. ते तळघरात आहे. मी त्यांच्या माणसाला विचारलं, "पाणी आलं तर?" तो म्हणाला, "मॅडम, पंप आहेत." मी विचारलं, "वीज गेली तर?" त्याने नकाशाची गुंडाळी केली.

रंगकाम चालू होतं तेव्हा पेंटरने मला हाक मारली. हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर दुसऱ्या पायरीच्या उंचीला एक निळी रेघ आहे, २०१८ ची, आणि तिच्याखाली २००५ ची. ती पुसू का, म्हणत होता. नको म्हटलं. त्याने दोन्ही रेघा चिकटपट्टी लावून झाकल्या आणि भोवती रंग दिला.

कपाटात सध्या आहे ते असं: दोन दोर, चार टॉर्च, शिट्ट्या, ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, गॅसची शेगडी, मोठं पातेलं, दहा ताडपत्र्या, आणि महाडच्या काकांचा जुना कंदील, जो पेटतो. गच्चीची एक किल्ली कपाटात, एक वॉचमनकडे, एक सी-२०३ मध्ये. घराघरांतल्या आजारी, वृद्ध आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी दरवर्षी जूनच्या पहिल्या रविवारी नव्याने लिहितो. नाल्यापलीकडच्या चाळीतली नावंही आता त्यात असतात. ज्यांच्या घरी बदल झाला असेल त्यांनी हॉलमध्ये येऊन सांगावं, मी दुपारी तिथेच असते.